गाडीच्या एसीचा गॅस जातो कुठे?

"गॅस कमी झाला होता. भरून दिलाय, आता कूलिंग एकदम ओके." नव्या गाडीचा एसी पहिल्यांदा रुसतो तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा हेच वाक्य ऐकू येतं. वॉरंटी असते, पैसे लागत नाहीत, गाडी थंडगार होऊन हातात मिळते. तक्रार करावी असं काही घडलेलंच नसतं. चार-सहा महिन्यांनी झोतातून पुन्हा कोमट हवा येऊ लागते, पुन्हा तोच काउंटर, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला मालक चिडलेला असतो, सर्व्हिस ॲडव्हायझर अवघडलेला असतो आणि वॉरंटीचा बराच काळ उलटून गेलेला असतो.

या सगळ्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. कमी झालेला गॅस गेला कुठे?

पेट्रोल जळतं, ब्रेक पॅड झिजतात, इंजिन ऑइल काळं पडतं. एसीचा गॅस यातलं काहीच करत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेतून पलीकडे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो. मग डॅशबोर्डच्या पोटात बसवलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतल्या कूलिंग कॉइलमध्ये, तो उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. गाड्यांमध्ये अनेक वर्षं वापरात असलेला आर-१३४ए हा वायू वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून हे साधतं. उकळलेला गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो. या फेऱ्यात तो खर्च होत नाही.

घरातला फ्रिज पंधरा-वीस वर्षं गॅस न भरता चालतो, मग गाडीचं असं का, ही शंका रास्त आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट एका बंद डब्यात असतो आणि नळ्या डाखलेल्या असतात. पेट्रोल-डिझेल गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे त्याचा शाफ्ट बाहेर काढावाच लागतो आणि तिथे फिरतं सील येतं. इंजिन हलतं, म्हणून काही पाइप रबरी ठेवावे लागतात. प्रत्येक जोडावर ओ-रिंग येते. यातून थोडा गॅस झिरपणारच. पण थोडा म्हणजे किती, याला आकडा आहे. युरोपीय संघाने २००६च्या निर्देशात एका इव्हॅपोरेटरच्या गाडीसाठी वर्षाला ४० ग्रॅम गळतीची मर्यादा घातली. आपल्याकडच्या लहान गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस असतो. म्हणजे निरोगी गाडीत कूलिंग जाणवण्याइतकं उतरायला काही वर्षं लागायला हवीत. नवी गाडी सहा महिन्यांत रिकामी होत असेल तर "गॅस कमी होतोच हो, साहेब" हे उत्तर चालणारं नाही. गळती आहे आणि ती शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरून द्यावी, तसं हे काम झालं.

किती गॅस गेला, हेही नेमकं कळू शकतं. बहुतेक मोठ्या वर्कशॉपमध्ये एसीचं जे मशीन असतं ते आधी गाडीतला उरलेला गॅस काढून घेतं आणि त्याचं वजन दाखवतं. गाडीत मुळात किती ग्रॅम हवा, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. ५०० ग्रॅमच्या गाडीतून १८० ग्रॅम निघाला, तर ३२० ग्रॅम बाहेर गेला. हा आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या, असं मी ज्याला त्याला सांगतो. "कूलिंग कमी" ही तक्रार झाली. "आठ महिन्यांत ३२० ग्रॅम" हा पुरावा झाला.

गळती शोधणं हे चिकाटीचं काम आहे. कंडेन्सर सर्वात पुढे असतो, त्याच्या पातळ ॲल्युमिनियमवर रस्त्यावरचे खडे बसतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा त्याला कुरतडते. पाइपच्या जोडांवर तेलकट डाग दिसला की समजावं, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. गॅस भरायच्या व्हॉल्व्हवरचं लहानसं टोपणसुद्धा महत्त्वाचं असतं. आतली पिन किंचित गळत असेल तर तेच टोपण गॅस अडवून धरतं, आणि घाईत ते परत लावायचं राहून जातं. या गळत्या साबणाच्या पाण्याने, इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने किंवा अतिनील दिव्यात चमकणारा रंग गॅसबरोबर सोडून सापडतात. रंगाला मात्र वेळ द्यावा लागतो. गाडी काही दिवस चालवून परत दाखवावी लागते.

मशीन लावून व्हॅक्यूम केला आणि काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही, असं काही ठिकाणी सांगतात. ही चाचणी उपयोगाची आहे, पण पुरेशी नाही. व्हॅक्यूममध्ये नळीच्या भिंतीवर जास्तीत जास्त एका वातावरणाचा दाब येतो, तोही बाहेरून आत. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा कंडेन्सरमधला गॅस ६० अंशांच्या पुढे असतो आणि त्या तापमानाला आर-१३४एचा दाब वातावरणाच्या १६ पटींहून अधिक भरतो, तोही आतून बाहेर. व्हॅक्यूममध्ये मिटून बसलेली चीर या दाबाला उघडते. म्हणून संशय असेल तिथे नायट्रोजन भरून जास्त दाबाखाली तपासणी करून मागावी.

सर्वात छळवादी गळती कूलिंग कॉइलची. ती डॅशबोर्डच्या आत असते, दिसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दिवसभराचं काम. वॉरंटीखालच्या कामाची मजुरी डीलरला कंपनीकडून मिळते, ती ठरलेल्या दराने आणि ठरलेल्या तासांची. शोधाशोधीत गेलेला वेळ त्यात पुरता धरलेला असेलच असं नाही. गॅस भरून द्यायला तासभर पुरतो. कोणी मुद्दाम फसवत नसतानाही काम गॅस भरण्याकडे का झुकतं, याचं कारण मला इथे दिसतं. डॅशबोर्ड न उतरवताही कॉइलवरचा संशय पक्का करता येतो. पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीपाशी किंवा ब्लोअरच्या वाटेत डिटेक्टरचं टोक धरलं तर गॅस सापडतो. रंग सोडलेला असेल तर तो त्या ठिबकणाऱ्या पाण्यात उतरतो. (गाडीखाली साधं पाणी ठिबकतं, तो दोष नाही. दमट हवेतून कॉइलने काढलेलं ते पाणी आहे. रत्नागिरीत ते भरपूर पडतं, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात जवळजवळ पडत नाही.)

पुन्हा पुन्हा गॅस भरण्याची किंमत आपल्या गैरसोयीपुरती नाही. आर-१३४ए हा तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रखर मानला जातो. अर्धा किलो गॅस हवेत गेला तर तो सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एखादी छोटी पेट्रोल गाडी पाच हजार किलोमीटर चालून जेवढा धूर सोडेल, तेवढं हे आहे. नव्या गाड्यांमध्ये येत असलेला आर-१२३४वायएफ या बाबतीत फार सौम्य आहे, पण महाग आहे. वॉरंटी संपल्यावर भरायची वेळ आली की ते बिलातून कळतं.

वारंवार बिघाडाचा दुसरा प्रकार याहून खर्चिक असतो. कॉम्प्रेसर जातो, वॉरंटीत नवा बसतो आणि वर्षाच्या आत तोही जातो. मालक म्हणतो कंपनीचे पार्टच वाईट. क्वचित ते खरं असतं. बऱ्याचदा पहिल्या मृत्यूचं कारण तसंच आत राहिलेलं असतं. कॉम्प्रेसर आतून घासून मरतो तेव्हा धातूचा कीस तेलात मिसळून सगळ्या नळ्यांत पसरतो. आजच्या कंडेन्सरमध्ये केसासारख्या बारीक, एकमेकांना समांतर वाटा असतात. त्यात अडकलेला कीस धुऊन नीट निघत नाही. असा कंडेन्सर तसाच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलला, तर नवा कॉम्प्रेसर पहिल्या दिवसापासून तो कीस गिळू लागतो. म्हणून आतून तुटलेल्या कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलणं हा त्याच दुरुस्तीचा भाग समजायला हवा. ड्रायर तर नळ्या उघड्या पडल्या की बदलावाच. तो आतला ओलावा शोषणारा तुकडा आहे आणि दमट हवेत त्याची ताकद लवकर संपते.

गळती आणि कॉम्प्रेसर यांचं नातं इथे उघड होतं. कॉम्प्रेसरला वेगळी ऑइलिंगची सोय नसते, गॅसबरोबर फिरणारं तेलच त्याला वंगण देतं. तीन वेळा गॅस गळला, तीन वेळा नुसता गॅस भरला आणि तेलाचा हिशेब कोणी ठेवला नाही, तर चौथ्या तक्रारीत कॉम्प्रेसर कोरडा पडून बसतो. तेव्हा कॉम्प्रेसर गेला म्हणून येणारी तक्रार पुष्कळदा आधीच्या गॅस भरण्यांची संतती असते. इलेक्ट्रिक आणि बऱ्याच हायब्रिड गाड्यांत तेलाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. तिथे कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला विद्युतरोधक तेलच लागतं. साध्या गाडीचं तेल थोडंसं मिसळलं तरी इन्सुलेशनचा बिघाड दाखवून गाडी अडून बसू शकते. शिवाय अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचं कामही याच यंत्रणेकडे असतं. तिथे एसीची तक्रार ही निव्वळ सुखसोयीची तक्रार राहत नाही.

आता ज्या बिघाडावरून सर्वात जास्त वाद होतात तो. घरी एसी चालत नाही आणि वर्कशॉपमध्ये चालतो. मालकाला खोटं पाडल्यासारखं वाटतं, पण यामागे साधी भौतिकी असू शकते. नळ्यांत ओलावा राहिला असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी त्याचा बर्फ होतो आणि वाट तुंबते. कूलिंग बंद पडतं. गाडी वर्कशॉपच्या अंगणात तासभर उभी राहिली की बर्फ वितळतो आणि सगळं सुरळीत होतं. कॉइलच्या तापमानाचा सेन्सर चुकत असेल तर लांबच्या प्रवासात कॉइलवरच बर्फ धरतो. तेव्हा हवेचा झोत हळूहळू मंदावतो, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच राहतो. गाडी पळताना थंड आणि सिग्नलला गरम होत असेल तर पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर. सकाळी चालतो आणि दुपारी तापल्यावर बंद पडतो, तर कॉम्प्रेसरचा क्लच पाहावा. एकाच बाजूच्या झोतातून गरम हवा येत असेल, तर गॅसपेक्षा आतली झडप फिरवणारी छोटी मोटर दोषी असण्याची शक्यता जास्त.

हे सगळं मालकाने दुरुस्त करायचं नाही, पण ते टिपून ठेवणं त्याच्याच हातात आहे. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल थर्मामीटर मधल्या झोतात खोचा, त्याचा आकडा, मीटरवरचे किलोमीटर आणि बाहेरचं तापमान एकाच व्हिडिओत येऊ द्या. किती मिनिटांनी बिघडलं, गाडी उभी होती की चालू, झोत मंदावला की फक्त कोमट झाला, एवढं तोंडाने सांगा. गाडी नेताना हट्टाने म्हणा की तंत्रज्ञाने माझ्याबरोबर त्याच परिस्थितीत चक्कर मारावी. चांगल्या वर्कशॉपचा फोरमन याला नाही म्हणत नाही. त्यालाही नेमकी माहिती हवीच असते.

मग येतो कागद. जॉब कार्डवर "एसी चेकअप" असं लिहिलेलं मान्य करू नका. तो शब्द पुढे कोणी वाचला तर बिघाड होता हेच दिसणार नाही. "वीस मिनिटांनी कूलिंग बंद, तिसऱ्यांदा तक्रार" असं, आपल्या शब्दांत लिहून घ्या. गाडी परत घेताना काय सापडलं, काय बदललं, किती गॅस निघाला आणि किती भरला हे बिलावर हवं, बिल शून्य रुपयांचं असलं तरी. "दोष आढळला नाही" असा शेरा मिळाला तरी तो कागद घ्या. तोही तुमच्या खेपेची नोंद आहे. तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी त्याचा सारांश डीलरला ईमेल करा आणि प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा.

वॉरंटीचं पुस्तक बहुतेक जण डिलिव्हरीच्या दिवशी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात ते तिथेच राहतं. त्यातल्या काही अटी एसीसाठी कळीच्या असतात. अनेक कंपन्या गॅस आणि फिल्टर खपाच्या वस्तूंत धरतात. पण दोषी भागामुळे गॅस गेला असेल तर तो त्या दुरुस्तीचा भाग आहे, असा आग्रह धरायला जागा असते. खडा लागून फुटलेला कंडेन्सर किंवा उंदराने कुरतडलेली वायर वॉरंटीत येत नाही, विम्यात येऊ शकते. त्यामुळे "बाहेरचा मार" असं निदान झालं तर भोक कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि फोटो काढा. वॉरंटीत बदललेल्या भागाची वॉरंटी बहुधा मूळ मुदतीबरोबरच संपते. तिसरा कॉम्प्रेसर वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात बसला, तर त्याला महिन्याचंच कवच. अशा वेळी त्या भागापुरती वाढीव हमी लेखी मागावी. कंपन्या ती देतात, पण मागितल्याशिवाय सहसा नाही.

कधी कधी दोष एका गाडीचा नसतोच, तो त्या मॉडेलच्या रचनेतला असतो. अमेरिकेत होंडाने २०१६पासूनच्या सिव्हिक गाड्यांच्या कंडेन्सरची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली, कारण त्या गाड्यांमध्ये गळतीच्या तक्रारी येत राहिल्या. अशा निर्णयाआधी कंपनी डीलरना तांत्रिक सूचनापत्रं पाठवते. "या मॉडेलच्या एसीबद्दल कंपनीचं काही सूचनापत्र आहे का, आणि कंपनीचा विभागीय इंजिनियर गाडी पाहायला कधी येईल?" हे दोन्ही प्रश्न लेखी विचारले, की तक्रार काउंटरवरून उठून कंपनीच्या टेबलावर जाते.

एवढ्यानेही भागलं नाही तर कायदा आहे, फक्त त्याच्याकडून काय मिळू शकतं हे आधी नीट समजून घ्यावं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये सदोष गाड्यांसाठी खास कायदा केला आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. ठरावीक प्रयत्नांत दुरुस्ती झाली नाही तर गाडी परत घ्या, असं तिथे कंपनीला सांगता येतं. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. इथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो आणि त्यात दुरुस्तीच्या खेपा मोजून आपोआप गाडी बदलून मिळत नाही. मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केलं, की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचं वचन असेल तर त्याचा अर्थ संपूर्ण गाडी बदलणं असा होत नाही. त्यामुळे एसीच्या तक्रारीवर नव्या गाडीची मागणी करून बसणाऱ्यांची केस बहुधा लंगडी पडते. कारणासकट पूर्ण दुरुस्ती, वाढीव हमी, झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाई ही मागणी जास्त टिकते. मुळातच उत्पादनदोष आहे असं म्हणायचं असेल तर ते तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावं लागतं. फियाटच्या एका गाडीच्या इंजिनाच्या तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला लावली आणि अंगभूत दोष निघाला तर पैसे व्याजासह परत करा, असं सांगितलं.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करावं आणि कोणाची चूक कोणती ते वेगळं लिहावं. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ची म्हणून २००९मध्ये बनलेली, आधी चाललेली गाडी विकली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात डीलरच्या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरायला नकार दिला, कारण कंपनीला ते ठाऊक होतं असं दाखवता आलं नव्हतं. कंडेन्सरचा दोष कंपनीचा असतो. गळती न शोधता तीनदा गॅस भरणं हा डीलरच्या सेवेतला कसूर असतो.

प्रत्यक्ष मार्ग वाटतो तेवढा अवघड नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. १९७५पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मसुद्यात मदत करतात. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते. गाडी पाच ते दहा लाखांची असेल तर शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांची असेल तर ४००. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात दाद मागता येते, वकील लावण्याची सक्ती नाही. स्वतःच्या पोटासाठी स्वतःच टॅक्सी चालवणाराही ग्राहकच ठरतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि "पुढच्या सर्व्हिसला बघू" या आश्वासनांवर ती भराभर सरते.

आणखी एक सावधगिरी. वैतागून बाहेरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी उघडण्याचा मोह अशा वेळी फार होतो. आयोगाला यंत्रणेची तपासणी करायला लावायची झाली, तर ती जशी होती तशी हाती हवी. बाहेर एकदा नळ्या सुटल्या की मूळ दोष कोणाचा हे सांगणं तज्ज्ञालाही कठीण होतं आणि कंपनीला वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. थांबणं अशक्यच असेल, घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर आधी डीलर आणि कंपनीला लेखी कळवा की अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर आम्ही बाहेर करून घेऊ. मग परवानाधारक सर्व्हेयरकडून किंवा मेकॅनिकल इंजिनियरकडून फोटोंसह तपासणी अहवाल करून घ्या आणि काढलेले जुने भाग, गळका पाइप असो की अख्खा कॉम्प्रेसर, तारीख लिहून जपून ठेवा.